हवालदारांची हाजेरी

गेल्या महिन्यात पुण्याहून एक तपासणीस आले होते. आमच्या कुपवाडच्या कार्यालयातली यंत्रं, पासवर्ड, कुलपं, सगळं जागच्या जागी आहे का ते पाहून शेरा मारणं हे त्यांचं काम. जोडण्यांची यादी पडद्यावर वरून खाली सरकवत ते तळाशी येऊन थांबले आणि म्हणाले, "मॅडम, हे माळवस्ती केंद्र तुमच्या कागदोपत्री बंद आहे. मग इथं जोडलेलं कसं दिसतं?" मी म्हणाले, राहू द्या ते. त्यांनी का म्हणून विचारलं. मी त्यांना कोपऱ्यावरच्या गाड्यावर गरम भजी खायला घेऊन गेले. उत्तर द्यायचं तर विरकर हवालदारांपासून सुरुवात करावी लागली असती, आणि तपासणीसांची चार वाजताची गाडी होती.

यादीतली माळवस्तीची ओळ मी परत घातलेली नाही, एवढं मात्र आधीच सांगून ठेवते.

आमची कंपनी लहान आहे. सातारा आणि सांगली जिल्ह्यांतल्या गावोगावच्या दूध संकलन केंद्रांची यंत्रं आम्ही सांभाळतो. केंद्रावर एक यंत्र असतं, त्याला सगळे डबाच म्हणतात. दूध ओतलं की डबा वजन आणि फॅट मोजतो, केंद्रावरचं माणूस कळ दाबतं, डबा टुक करून वाजतो आणि नोंद कुपवाडला आमच्या सर्व्हरवर येते. सर्व्हर तीन आहेत, काचेच्या खोलीत शेजारी शेजारी. तिघं मिळून एकच काम करतात, एक बसला तर उरलेले दोघं त्याचा भार उचलतात. या सगळ्यावर नजर ठेवायला एक पान असतं, ते म्हणजे पॅनेल. त्यावर प्रत्येक केंद्राची एक ओळ: गावाचं नाव, कधीपासून जोडलेलं, शेवटची खूण किती वाजता आली, आणि उजव्या टोकाला जोडणी तोडायचं लाल बटण. मी चार वर्षं इंजिनिअरिंग करून हे पॅनेल सांभाळायला आले होते. आणि एके दिवशी मालकांनी सकाळच्या पाळीला त्याच पॅनेलवर आमचा वॉचमन बसवला.

माझा तिळपापड झाला होता, खोटं कशाला बोलू.

विरकर म्हसवडच्या पलीकडचे, माळवस्तीचे. बावीस वर्षं फौजेत सिग्नलला, म्हणजे निरोपांच्या कामावर, काढून हवालदार म्हणून घरी आले आणि आमच्या फाटकावर लागले. त्यांना मिशी नव्हती. फौजेतल्या माणसाला मिशी असलीच पाहिजे असं आमच्याकडे धरून चालतात, म्हणून पहिल्या दिवशी मालकांना ते जरा कमीच वाटले. उंच, वाळकुडे, बुटांना रोज पॉलिश. वर्षानुवर्षं हेडफोन लावून उजवा कान गेलेला होता, त्यामुळे कुणी बोलायला लागलं की ते मान वळवून डावा कान पुढे करायचे. समोरच्याला वाटायचं, या माणसाला आपल्या तोंडाकडे बघायचं नाही. बायको मुलाकडे पुण्यात असायची, हे इथे एका खोलीत एकटे. फाटकावर बसल्या बसल्या काचेतून पॅनेल दिसायचं, आणि एखादी ओळ लाल व्हायच्या आधी हे उठून आत येऊन सांगायचे, "बाई, ते औंधाकडचं जातंय बघा." आम्ही बघेपर्यंत ती जायची. असं चार-पाच वेळा झालं आणि मालकांनी त्यांना खुर्ची दिली.

सकाळी सहाला केंद्रं उघडायला लागतात. एकेक डबा चालू होतो आणि एकेक ओळ हिरवी होते. सातपर्यंत सगळी येतात. पडद्याच्या कोपऱ्यात एकूण आकडा असतोच, दोनशे सातपैकी दोनशे सात. एका नजरेचं काम. विरकरांचं ते एका नजरेत व्हायचं नाही. चहाचा पेला टेबलावर ठेवायचा, त्यावर बशी झाकायची, खुर्चीत ताठ बसायचं आणि पहिल्या नावापासून हाजेरी सुरू करायची. गावाचं नाव मोठ्याने घ्यायचं, ओळीकडे बघायचं आणि त्या केंद्राच्या वतीने आपणच "हाजीर" म्हणायचं. दोनशे सात नावं. शेवटी म्हणायचं, "सगळे हायती. चालू द्या." मग बशी काढायची आणि पार कोमट झालेला चहा प्यायचा. एखादं केंद्र आलं नसलं तर "एक कमी हाय" एवढंच म्हणायचे, आणि ते सापडेपर्यंत पेल्याला हात लावायचे नाहीत. माझे रोजे असले की चहा व्हरांड्यात नेऊन प्यायचे, पण हाजेरीच्या आधी तिथेही नाही.

मला सुरुवातीला हसू यायचं. आठवड्याभरात ते गेलं, कारण माझ्या लक्षात आलं की प्रत्येक हाजीर वेगळा आहे. एक घोगरा, एक घाईतला, एक बाईमाणसासारखा लांबवलेला. एक नेहमी खोकून. मी म्हटलं, म्हाताऱ्याला नकला करायची हौस दिसते. मग एकदा आष्ट्याजवळच्या केंद्रावर डबा दुरुस्त करायला मी स्वतः गेले. तिथला माणूस आतून आला, खोकला आणि म्हणाला, "या मॅडम." अगदी तोच आवाज, तोच खोकला. आमचे हवालदार फोन करतात ना तुम्हाला, म्हणून मी विचारलं. त्याने सांगितलं, कुपवाडवरून आजवर एकही फोन आलेला नाही. त्याची लाईन कधी तुटतच नव्हती, फोन येणार कशाला.

मी परत आल्यावर विरकरांना यातलं काही विचारलं नाही. खरं तर विचारायची भीती वाटली.

त्यांचा दुसरा नेम तीन हाकांचा. एखादं केंद्र जोडलेलं दिसतं पण त्याच्याकडून काही येत नाही, असं पॅनेलवर पुष्कळदा होतं. यंत्राच्या भाषेत ती मेलेली जोडणी. उगीच जागा अडवते, लाल बटण दाबायचं आणि मोकळं व्हायचं. मी दिवसाला अशा दहा तोडत असे. विरकर तोडायचे नाहीत. आधी त्या केंद्रावर फोन करायचे. नाही उचलला तर थोड्या वेळाने पुन्हा. तिसऱ्यांदाही उत्तर आलं नाही, तरच बटण. माझा त्यावरून त्यांच्याशी रोज खटका उडायचा. एकदा मी फारच बोलले. असल्या नेमधर्मावर सर्व्हर चालत नाहीत, तुमच्या फौजेत चालत असेल, असं काहीतरी. त्यांनी डावा कान पुढे करून सगळं ऐकून घेतलं.

"बर्फात आमची एक चौकी व्हती," ते म्हणाले. "दोन माणसं. त्यांची लाईन सकाळपास्नं गप. मी समद्या चौक्यांची हाजेरी घेतली, त्यांचं उत्तर न्हाई. दुपारी म्हटलं लाईन मेली, उगं जागा अडवतीया. काढून टाकली. चौथ्या दिवशी वाट मोकळी झाली. एकजण जित्ता गावला. त्यो म्हणला, विरकर, आमचं बोलणं तिकडं जात न्हवतं, पर तुझी हाजेरी ऐकू येत व्हती. त्या आवाजावर आमी दोघं बसलो व्हतो. मग दुपारी त्यो आवाज गेला, आन् त्या गड्यानं डोळं मिटलं."

त्यांनी पेल्यावरची बशी सरळ केली.

"गप हाय म्हंजी न्हाई असं न्हवं, बाई."

त्यानंतर मी वाद घालणं सोडलं. तोडायच्या जोडण्या मी त्यांची पाळी संपली की तोडायचे.

फलटणकडच्या एका वाडीचा प्रसंग त्याच वर्षीचा. सकाळचे साडेसात झाले होते. त्या वाडीच्या केंद्राची ओळ हिरवीगार, नोंदी नव्हत्या पण डबा चालू असल्याची खूण दर मिनिटाला येत होती. विरकर हाजेरी घेताना त्या नावाशी थांबले. हाजीर म्हणाले नाहीत. पुन्हा नाव घेतलं आणि पुन्हा थांबले. मी म्हटलं, अहो चालू आहे की ते. ते म्हणाले, "डबा हाय. कदम न्हाई." कदम म्हणजे तिथला केंद्रचालक. तीन फोन झाले, उत्तर नाही. मग त्यांनी कुठून तरी समोरच्या पिठाच्या गिरणीवाल्याचा नंबर मिळवला आणि त्याला केंद्राचं दार फोडायला लावलं. दूध घालायला आलेली माणसं कडी आतून लागलेली पाहून, कदम अजून उठला नसेल म्हणून परत गेली होती. कदम आत ओल्या फरशीवर पडला होता, विजेचा झटका बसून. वेळेवर दवाखान्यात नेलं म्हणून वाचला. पुढे तो पेढे घेऊन कुपवाडला आला आणि विरकरांच्या पायाच पडायला लागला.

हे कळलं कसं, असं सगळ्यांनी विचारलं. विरकर म्हणाले, हात ओळखू येतो. जुन्या काळी सिग्नलला टकटक करून निरोप पाठवायचे, तेव्हा पलीकडे कोण बसलंय ते नाव न सांगता नुसत्या टकटकीवरून कळायचं. प्रत्येकाचा हात वेगळा. डब्याचंही तसंच. सकाळी डबा चालू केला की तीन कळा दाबाव्या लागतात, त्या प्रत्येक कळेची वेळ पॅनेलवर ओळीच्या आत उमटते. कोण भराभर दाबतो, कोण दमादमाने. कदमचा हात त्या दिवशी अर्धवट होता, दोन कळांवर थांबलेला. हे ऐकल्यावर मला जरा बरं वाटलं. निदान याला काही कारण होतं. आष्ट्याच्या माणसाच्या खोकल्याला मात्र ते पुरत नव्हतं.

आणि याच तीन कळांमुळे मला आक्कांबद्दल कळलं.

आक्का म्हणजे विरकरांची थोरली बहीण, सोनाबाई. आई लवकर गेली, तिनेच यांना कडेवर घेऊन वाढवलं. लग्न होऊन गेली आणि वर्षात विधवा होऊन माळवस्तीला परत आली. भाऊ फौजेत गेल्यावर घर, मेंढरं, वाट्याचं रान सगळं तिने एकटीने सांभाळलं. वस्तीवर दूध केंद्र झालं तेव्हा डबाही तीच चालवायला लागली. सहीसुद्धा यायची नाही, पण कळा पाठ. विरकर सांगायचे, तोंडाने लई फटकळ. "फौजंतल्या सायबापरीस मला आक्काचं भ्या." मग तिला अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. त्यांनी तिला कुपवाडला आणायचा प्रयत्न केला, ती आली नाही. डाव्या हाताने रोज सकाळी डबा चालू करत राहिली. पहिल्या दोन कळा जवळजवळ होत्या, त्या लगोलग दाबल्या जायच्या. तिसरी उजव्या टोकाला. डावा हात अंगावरून ओढत तिकडे न्यायला तिला वेळ लागायचा. म्हणून तिची खूण अशी: दोन लगोलग, मग मोठी फट, मग एक. सहा वाजून पस्तीस मिनिटांनी, रोज.

माळवस्तीचं नाव यादीत सगळ्यात शेवटी होतं. हाजेरीत तिथे आल्यावर विरकर स्वतः हाजीर म्हणत नसत. नाव घ्यायचे, त्या तीन कळांच्या वेळा बघायचे आणि मान हलवायचे. मुकी झालेली बहीण उठली, बसली, आज बरी आहे, हे सगळं त्यांना तेवढ्यात कळायचं. फोन करून उपयोग नव्हता. ती बोलणार कशी. त्या दोघांचं बोलणं ते एवढंच.

त्याच साली गणपती झाल्यावर आक्का गेल्या, दुपारी, झोपेत. विरकर तेरा दिवस गावाला राहून परत आले. माळवस्तीचं केंद्र बंद झालं, दूध शेजारच्या गावाला जायला लागलं, वीज मंडळाने मीटर काढून नेला. डबा जुना, आणायला गाडी पाठवण्याच्या लायकीचा नव्हता, म्हणून तिथेच पडून राहिला. विरकर परत आल्यावर पहिल्याच सकाळी हाजेरी घेत शेवटच्या नावाशी आले. मी मुद्दामच दुसरीकडे बघत होते. त्यांनी नाव घेतलं, थांबले, आणि मान हलवली. मग म्हणाले, "सगळे हायती. चालू द्या."

मी उठून पडद्याकडे गेले. माळवस्तीची ओळ हिरवी होती. सहा पस्तीस. दोन लगोलग, मग फट, मग एक.

याची अर्धी उकल माझ्याकडे आहे, ती सांगते. आमचे तीन सर्व्हर एकमेकांना सतत खबर देत असतात. एक बंद करून चालू केला, की तो उठल्या उठल्या उरलेल्या दोघांना विचारतो, कोण कोण जोडलेलं आहे, आणि ते सांगतील ते खरं मानतो. गल्लीतल्या बायकांसारखंच. त्यामुळे एखादी मेलेली जोडणी एकाच्या बोलण्यावरून दुसऱ्याकडे आणि दुसऱ्याच्या बोलण्यावरून तिसऱ्याकडे जिवंत राहू शकते. पॅनेलवरून लाल बटण दाबून तिन्हीकडून एकदम पुसली तरच ती जाते. म्हणजे ओळ का दिसते ते मला कळत होतं. रोजची नवी वेळ कुठून येते ते कळत नव्हतं. मी तिन्ही सर्व्हर तपासले. पहिल्याच्या नोंदीत होतं, ही खूण दुसऱ्याकडून आली. दुसऱ्याच्या नोंदीत, तिसऱ्याकडून. तिसऱ्याच्या नोंदीत, पहिल्याकडून. बाहेरून आलीच नव्हती. भर उन्हाच्या वेळी, कार्यालयात दहा माणसं असताना, मला त्या काचेच्या खोलीत पाठ दारा‌कडे करून बसवेना.

विरकरांना मी हे सगळं दाखवलं. त्यांना त्यात काही नवल वाटलं नाही. "हात तिचाच हाय," ते म्हणाले. बस.

दोन वर्षं असं चाललं. ते रोज मान हलवायचे आणि चहा प्यायचे, आणि मी त्या ओळीकडे बघायचं टाळायचे. मग मालकांनी नवी प्रणाली घ्यायची ठरवली. जुन्या यादीत मेलेल्या जोडण्या असतील तर नवी प्रणाली ती यादी स्वीकारतच नव्हती. अशा सतरा निघाल्या. विरकर तेव्हा सिद्धनाथाच्या रथाला म्हसवडला गेले होते, वर्षातली ती त्यांची एकच ठरलेली सुट्टी. मालक रोज विचारत होते, झालं का. सोळा चालू केंद्रांच्याच जुन्या, दुबार जोडण्या होत्या, त्या मी पुसल्या. सतरावी माळवस्ती.

माझ्या हातून ते चुकून झालं, असं मी कार्यालयात सांगितलं. ते खरं नाही. मी ती ओळ नीट वाचली, बटणावर बोट ठेवलं, आणि मला आठवतं, मला रागच आला होता. दोन वर्षं एका बंद डब्याला घाबरत बसल्याचा राग. फोन कुणाला करणार होते मी, तिथे होतं कोण. हाक मारायचा प्रश्नच आला नाही. बटण दाबलं आणि ओळ गेली. एकूण आकडा दोनशे सातवरून दोनशे सहा झाला.

तिसऱ्या दिवशी विरकर आले. कपाळाला गुलाल, सगळ्यांसाठी प्रसादाचं खोबरं. पेल्यावर बशी झाकली आणि हाजेरी घेतली. शेवटच्या नावाशी आले. ओळ नव्हती, त्यांनी तरी नाव घेतलं. मग माझ्याकडे वळले, डावा कान पुढे करून.

"तीन हाका मारल्या व्हत्या?"

मी हो म्हणाले.

एवढ्या सहज म्हणाले की माझं मलाच आश्चर्य वाटलं. त्यांनी एकदाही उलटून विचारलं नाही. जराशाने स्वतःशीच म्हणाले, "मग तिचं उत्तर आलं नसंल." मग पडद्याकडे बघून, "एक कमी हाय."

त्या दिवशी ते चहा प्यायले नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाही. बारा दिवस ते पेला भरून घ्यायचे, बशी झाकायचे, हाजेरी संपवायचे, एक कमी हाय म्हणायचे आणि भरलेला पेला बेसिनमध्ये ओतून यायचे. कुणावर राग नाही, कुणाशी अबोला नाही. कदमच्या केंद्रावरून फोन आला तर हसून बोलायचे. फक्त आता सगळ्या गावांचे हाजीर एकाच आवाजात निघत होते, त्यांच्या स्वतःच्या. तेराव्या दिवशी त्यांनी राजीनामा दिला आणि गावाला गेले. मालकांनी मला विचारलं, काय झालं या माणसाला. मी म्हटलं, वय झालं.

महिनाभर मी ते हो घेऊन फिरले. घरी नवऱ्याला सांगितलं, तो म्हणाला, अगं बाई गेलीय ती, तू हाक मारली असतीस तरी कोण बोलणार होतं. बरोबर आहे. पण माझ्या खोट्यामुळे त्या माणसाने असं धरलं होतं की आपल्या बहिणीला तीनदा बोलावलं आणि तिने ओ दिली नाही. बर्फातल्या चौकीचा हिशेब ज्याने जन्मभर उरावर बाळगला, त्याला मी हे सांगितलं होतं. शेवटी एका रविवारी नवऱ्याला म्हटलं, गाडी काढ. विट्यावरून मायणी, मायणीवरून म्हसवड, आणि तिथून विचारत विचारत माळवस्ती.

विरकर पुढच्या उन्हाळ्यात गेले. त्या रविवारनंतर मी त्यांना पाहिलं नाही, म्हणून जे पाहिलं ते जसंच्या तसं लिहिते.

दुपारचे बारा वाजून गेले होते. वस्तीवर पाच-सहा घरं, मेंढरं रानात गेलेली, एक कुत्रंसुद्धा भुंकलं नाही. नवरा गाडीपाशी बाभळीखाली थांबला. शेजारच्या घरातली एक बाई उंबऱ्यात ज्वारी निवडत बसली होती. तिने न विचारता हाताने दाखवलं, केंद्राची खोली. म्हणाली, "तितंच बसत्यात दिसभर. सकाळी च्या देऊन येती, घेत न्हाईत. झाकून ठिवत्यात नुसता."

दार उघडं होतं. एका खणाची खोली. टेबलावर तो डबा, धूळ पुसलेला. त्याची वायर टेबलावरून खाली लोंबत होती, आणि भिंतीवर बटणांचा बोर्ड होता तिथे नुसती चार भोकं. डब्यासमोर खुर्चीत विरकर बसले होते, ताठ, दोन्ही हात मांडीवर. पुढे पेला, त्यावर बशी. मी आत पाय टाकला तेव्हा त्यांनी मान वळवून डावा कान पुढे केला. ओळखलं, पण कशी आलीस विचारलं नाही.

"हवालदार, मी हाका मारल्या नव्हत्या," मी म्हणाले. "खोटं बोलले तुमच्याशी. एकही मारली नाही."

बाहेर ती बाई ज्वारी पाखडत होती, तेवढा आवाज.

"एकबी न्हाई?"

"एकबी नाही."

मला वाटलं होतं, ते रागावतील. मी त्यासाठीच गेले होते. त्यांनी मोठा श्वास सोडला, आणि महिन्याभराचं काहीतरी त्यांच्या खांद्यांवरून उतरलेलं मला दिसलं.

"मग तिनं ऐकलंच न्हाई," ते म्हणाले. "तिला कुनी इचारलंच न्हाई."

ते डब्याकडे वळले आणि पहिल्या नावापासून हाजेरी घ्यायला लागले. पुढे पडदा नाही, यादी नाही. दोनशे सहा गावं, पॅनेलवर होती त्याच क्रमाने. आणि आवाज परत आले होते. घोगरा, घाईतला, लांबवलेला. आष्ट्याजवळचं गाव आलं तेव्हा खोकला. कदमची वाडी आली. मी दाराच्या चौकटीला धरून उभी होते, मला बसताही येईना आणि जाताही येईना.

"माळवस्ती," ते म्हणाले, आणि थांबले.

बाहेर ज्वारी पाखडायची थांबली होती.

"माळवस्ती."

मी त्यांच्या हातांकडे बघत होते. दोन्ही हात मांडीवर होते, बोटं मोकळी. तिसऱ्या हाकेला त्यांनी गावाचं नाव घेतलं नाही.

"आक्का."

टुक, टुक. मग इतका वेळ गेला की तेवढ्यात एखाद्या बाईचा डावा हात स्वतःच्या अंगावरून ओढत पलीकडे गेला असता. मग टुक.

लोंबणारी वायर तशीच लोंबत होती. विरकरांनी मान हलवली.

"सगळे हायती," ते म्हणाले. "चालू द्या." आणि त्यांनी पेल्यावरची बशी काढून सकाळचा तो गार चहा एका दमात पिऊन टाकला.